पाण्याच्या ताणाने उंदराच्या मूत्राशयाला होणारी इजा आणि कर्क्युमिन: प्रयोगाची आखणी तपासून हवी आहे

सांगली_एमफार्म

नमस्कार. सांगलीत एम. फार्म. करते आहे, विषय फार्माकॉलॉजी. प्रबंधासाठी वॉटर अव्हॉइडन्स स्ट्रेस, म्हणजे पाण्याच्या मधोमध छोट्या ठोकळ्यावर उंदीर बसवून ताण देण्याचं मॉडेल घेतलं आहे. ताणाने मूत्राशयाच्या अस्तराला इजा होते, मास्ट पेशी (हिस्टामाइन साठवणाऱ्या, दाह घडवणाऱ्या पेशी) फुटतात, एमडीए (चरबीच्या ऑक्सिडेशनची खूण) वाढतो आणि ग्लुटाथायोन (जीएसएच, पेशीतलं अँटिऑक्सिडंट) घटतं, हे आधीच्या कामांत दिसलं आहे. मला ते कर्क्युमिनने, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाने, रोखता येतं का ते पाहायचं आहे. हळद आपल्याच जिल्ह्याची, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, म्हणून विषय जवळचा वाटला. प्रयोगात मात्र ९५ टक्के शुद्धतेचं कर्क्युमिन वापरणार आहे.

सध्याची आखणी अशी: नर विस्टार उंदीर, वजन २०० ते २५० ग्रॅम, प्रत्येक गटात ६.
पहिला गट सामान्य. दुसरा फक्त ताण. तिसरा ताण आणि कर्क्युमिन १०० मिग्रॅ प्रति किलो तोंडावाटे. चौथा ताण, कर्क्युमिन आणि मिऱ्यातलं पिपेरिन २० मिग्रॅ प्रति किलो. पाचवा ताण आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन (एनएसी, परिचित अँटिऑक्सिडंट) १५० मिग्रॅ प्रति किलो, तुलनेसाठी.

अडचणी:
१) काही ठिकाणी रोज २ तास ५ दिवस ताण दिला आहे, काही ठिकाणी रोज १ तास १० दिवस. कोणतं धरू?
२) टाकी घरीच बनवून घ्यायची तर मापं काय ठेवावीत? एप्रिलमध्ये आमच्याकडे नळाचं पाणीच गरम येतं.
३) एकाच मूत्राशयातून एमडीए, जीएसएच, एमपीओ (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचं विकर), एसओडी (अँटिऑक्सिडंट विकर) आणि हिस्टोलॉजी एवढं सगळं निघेल का?
४) भूल कशाची द्यावी?

एथिक्स कमिटीकडे फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) अजून दिलेला नाही, त्यामुळे आखणी बदलायला वाव आहे.

शिरवळ_पशुवैद्य

फॉर्म बी द्यायच्या आधी विचारलंत हे उत्तम. या आखणीत मोठे बदल लागतील.

आधी टाकी. रूढ माप ४५ × २५ × २५ सेंमी, तळाच्या मधोमध १० × ८ सेंमीचा आणि ८ सेंमी उंचीचा ठोकळा. पाणी ठोकळ्याच्या माथ्याखाली १ सेंमीपर्यंत, म्हणजे ७ सेंमी खोल. हिशेब केलात तर सुमारे ७.३ लिटर पाणी लागतं. ठोकळा अ‍ॅक्रिलिकचा घ्या आणि सिलिकॉन सीलंटने तळाला पक्का चिकटवा. सीलंटला पूर्ण वाळायला वेळ द्या. ओल्या सीलंटला व्हिनेगरसारखा वास येतो आणि उंदराला तो वास हाच वेगळा ताण ठरतो. लाकडी ठोकळा फुगतो, सुटतो, तरंगतो. उंदीर ३५० ग्रॅमच्या पुढे गेला की एवढ्या ठोकळ्यावर नीट बसू शकत नाही, म्हणून २०० ते २५० ग्रॅम योग्यच.

पाणी २५ अंश सेल्सियस. या मॉडेलमध्ये ताण यायला हवा तो पाणी टाळण्याचा. पाणी गार असेल तर थंडीचा ताण मिसळतो, शिवाय पडलेला उंदीर गारठतो. पाणी ३२-३३ अंश असेल तर ते त्याला तितकंसं नकोसं वाटत नाही. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट वापरू नका. आदल्या संध्याकाळी बादलीत भरून ठेवा, सकाळी बर्फाची बंद बाटली बादलीत सोडून तापमान जुळवा आणि मग टाकीत ओता. बर्फ टाकीत टाकू नका. थंडीच्या महिन्यांत मत्स्यालयाचा हीटर बादलीत चालतो. सत्र सुरू होताना आणि संपताना, दोन्ही वेळा तापमान लिहून ठेवा. प्रत्येक उंदरानंतर पाणी बदला. आधीच्या उंदराची विष्ठा, मूत्र आणि भीतीचा वास पुढच्याला कळतो.

आता कालावधी. २ तास ५ दिवस ही पद्धत इस्तंबूलच्या मार्मारा विद्यापीठाच्या गटाने मूत्राशयाच्या इजेसाठी वापरली. मेलाटोनिनवरचं त्यांचं २००५ चं काम त्यातलंच. १ तास १० दिवस ही पद्धत आतड्याच्या आणि मूत्राशयाच्या वेदनेच्या कामात जास्त दिसते. तुमचा भर ऊतीतल्या ऑक्सिडेटिव्ह इजेवर आहे, तेव्हा पहिली पद्धत जवळची. मात्र एकदा निवडली की मधेच बदलू नका, आणि दोन्ही पद्धतींचे आकडे एका तक्त्यात शेजारी मांडू नका.

तुमच्या आखणीतली मोठी उणीव म्हणजे शॅम गट, म्हणजे पाण्याशिवाय बाकी सगळी हाताळणी तशीच होणारा गट, नाही. पिंजऱ्यात आरामात बसलेला उंदीर आणि टाकीतला उंदीर यांत पाण्याखेरीजही खूप फरक असतो: उचलणं, नवी जागा, एकटेपणा. म्हणून तुलना कोरड्या टाकीत तेवढाच वेळ बसवलेल्या उंदराशी करायची. आणि कर्क्युमिनचं वाहक, म्हणजे ते ज्यात कालवून देतात ते ०.५ टक्का सोडियम सीएमसीचं द्रावण, ताण गटालाही नळीनेच द्यायचं. तोंडात नळी घालणं हाच रोजचा ताण आहे. तो फक्त औषधाच्या गटांना मिळाला तर गणित बिघडतं.

ताण बसला याचा पुरावा ठेवा. सगळ्यात स्वस्त पुरावा म्हणजे प्रत्येक सत्रातल्या लेंड्या मोजणं. शॅमपेक्षा ताण गटात त्या स्पष्ट जास्त दिसल्या पाहिजेत. जमलं तर कॉर्टिकोस्टेरॉनची (उंदराच्या ताण-संप्रेरकाची) चाचणीही करा, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. शेपटीच्या शिरेतून १०० ते १५० मायक्रोलिटर रक्त, हात लावल्यापासून ३ मिनिटांच्या आत. त्यानंतर घेतलंत तर पकडण्याचाच ताण मोजाल. रोज तोच ताण दिल्यावर कॉर्टिकोस्टेरॉनचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून फक्त शेवटच्या दिवसाचा आकडा पाहून मॉडेल फसलं असा निष्कर्ष काढू नका. सत्र रोज एकाच वेळी, सकाळी. उंदरात हे संप्रेरक अंधार पडायच्या सुमारास आपोआप चढतं.

भूल: ईथर नको. श्वासमार्गाला त्रासदायक, स्फोटक, आणि साठवणुकीत त्यात पेरॉक्साइड तयार होतात. केटामाइन-झायलाझिनबद्दल दोन गोष्टी लक्षात असू द्या. केटामाइनच्या दीर्घ वापराने मूत्राशयाला इजा होते हे सर्वश्रुत आहे; एका डोसने तसं होत नाही, पण परीक्षक विचारणारच. झायलाझिनने मूत्र वाढतं आणि रक्तातली साखर चढते. आयसोफ्लुरेन मिळत असेल तर तेच घ्या.

नरांच्या मूत्राशयात कधी कधी पांढरा घट्ट गोळा सापडतो. तो मरतेवेळी वीर्यस्रावातून आलेला असतो, खडा किंवा पू समजून नोंदवू नका. शक्य असेल तर माद्यांचाही विचार करा. माणसांत मूत्राशयाच्या वेदनेचा विकार स्त्रियांत जास्त आढळतो. मग मात्र ऋतुचक्राची अवस्था कळण्यासाठी रोजचं योनीस्राव परीक्षण आलं.

मिरज_बायोकेम

प्रश्न ३ वर बोलते. २५० ग्रॅमच्या उंदराचं मूत्राशय चरबी काढल्यावर साधारण १०० मिग्रॅ भरतं. अर्धं हिस्टोलॉजीला दिलं तर हातात ५० मिग्रॅ. त्याचं १० टक्के होमोजिनेट (द्रावणात वाटलेली ऊती) म्हणजे अर्धा मिली. एवढ्यात चार चाचण्या, प्रथिनं आणि प्रत्येकी दोन वाचनं बसत नाहीत. एमपीओ तर एचटीएबी (एक डिटर्जंट) असलेल्या वेगळ्या बफरमध्ये काढावं लागतं, म्हणजे वेगळा तुकडा. माझं मत: एमडीए, जीएसएच आणि प्रथिनं एवढंच नीट करा. एमपीओ सोडा, न्यूट्रोफिल स्लाइडवर मोजता येतात.

मूत्राशय काढल्याबरोबर बर्फगार सलाइनमध्ये दोनदा धुवा. रक्त राहिलं तर हिमोग्लोबिन एमडीएचं वाचन फुगवतं. टिपून वजन, फॉइलमध्ये गुंडाळून थेट द्रवरूप नायट्रोजन. कॉलेजात नायट्रोजन नसेल तर जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो आपल्या भागात नियमित पुरवला जातो. पशुवैद्यकीय विभागाकडे रीतसर मागणी करून लहान कंटेनर भरून मिळतो का पाहा. मग उणे ८० अंश. उणे २० च्या फ्रीझरवर, त्यातही वीज जाणाऱ्या, जीएसएच सोपवू नका.

एमडीएसाठी ओहकावा पद्धत १९७९ ची, मूळ मापं ४ मिलीची. ती दहापट लहान करा. २ मिलीच्या ट्यूबमध्ये १.१५ टक्के केसीएलमधलं होमोजिनेट २० मायक्रोलिटर, ८.१ टक्के एसडीएस (डिटर्जंट) २०, पीएच ३.५ चं २० टक्के अ‍ॅसेटिक आम्ल १५०, ०.८ टक्के टीबीए (थायोबार्बिट्युरिक आम्ल) १५०, पाणी ६०. एकूण ४०० मायक्रोलिटर. ९५ अंशावर ६० मिनिटं. गार करून १०० मायक्रोलिटर पाणी आणि ५०० मायक्रोलिटर ब्युटेनॉल-पिरिडीन (१५:१), जोरात हलवा, सेंट्रिफ्यूज, वरचा थर ५३२ नॅनोमीटरवर. पिरिडीन फ्यूम हूडखालीच. स्टँडर्ड टेट्रामिथॉक्सीप्रोपेनचं.

चुका कुठे होतात: ट्यूबची झाकणं ९५ अंशावर उडतात आणि आकारमान घटतं, म्हणून कुलूप लावणाऱ्या ट्यूब किंवा क्लिप. होमोजिनेट करतानाच इथेनॉलमध्ये विरघळवलेलं बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं) घाला, नाहीतर तापवतानाच नवं ऑक्सिडेशन होतं आणि तेही तुम्ही ताणाच्या खात्यावर मांडता. एसडीएस थंडीत गोठतं, ते आधी कोमट करून स्वच्छ करा. टीबीए फक्त एमडीएशीच रंग देतं असं नाही, म्हणून प्रबंधात टीबीएआरएस (टीबीएशी रंग देणारे पदार्थ) म्हणा.

जीएसएच: होमोजिनेट झाल्या झाल्या ५० मायक्रोलिटर वेगळं काढून तेवढंच १० टक्के टीसीए (प्रथिनं खाली बसवणारं आम्ल) घाला. टेबलावर अर्धा तास राहिलं तर ग्लुटाथायोन हवेनेच उडतं, आणि एप्रिलच्या खोलीत लवकर. सेंट्रिफ्यूजनंतरचा वरचा द्रव ०.३ मोलर डायसोडियम फॉस्फेटमध्ये घालून डीटीएनबी (गंधकाच्या थायोल गटाशी पिवळा रंग देणारं), ५ मिनिटांच्या आत ४१२ वर वाचा. प्रकाशशोषणाचा गुणांक १३,६०० धरा. रंग आलाच नाही तर आधी पीएच तपासा. टीसीए जास्त झालं आणि पीएच ८ च्या आसपास आला नाही तर पिवळा रंग उमटतच नाही.

एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या गटात एक सापळा आहे. डीटीएनबी कुठल्याही मोकळ्या थायोलला पकडतं. एनएसी स्वतः थायोल आहे. शेवटचा डोस देऊन तासाभरात उंदीर सॅक्रिफाइस केलात (ऊतीसाठी मारलात) तर 'ग्लुटाथायोन वाढलं' असा जो आकडा येईल त्यात औषधाचाच वाटा असू शकतो. शेवटचा डोस आणि सॅक्रिफाइस यांत २४ तास ठेवा आणि ते सगळ्याच गटांना लागू करा. एनएसीचं द्रावण आम्लधर्मी असतं, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ च्या आसपास आणून रोज ताजं बनवा.

आकडे प्रति मिग्रॅ प्रथिन द्या. सुजलेल्या मूत्राशयात पाणी जास्त असतं, त्यामुळे प्रति ग्रॅम ओल्या वजनाचा आकडा उगाच खाली येतो.

कराड_हिस्टो

मिरज_बायोकेम यांच्या बाकी सगळ्याशी सहमत, पण अर्धं मूत्राशय हिस्टोलॉजीला आणि अर्धं रसायनाला, यावर माझा आक्षेप आहे. रिकाम्या मूत्राशयाचं अस्तर घडीघडीचं आणि जाड दिसतं, भरलेल्याचं पातळ. तुकडा कापून फॉर्मलिनमध्ये टाकला की तो वळतो, आणि मग तुम्ही ताणाचा परिणाम मोजता की आकुंचनाचा, हे सांगता येत नाही. अस्तराची जाडी, वरच्या छत्री-पेशींची झीज, पोकळ्या यांवर काही म्हणायचं असेल तर हिस्टोलॉजीचे उंदीर वेगळे ठेवा. मूत्र हलकेच काढून प्रत्येकात सारखंच ०.३ मिली फिक्सेटिव्ह भरा, मूत्राशयाची मान बांधा, मग अख्खं मूत्राशय बुडवा. प्रत्येक गटात ४ पुरतात.

मास्ट पेशींसाठी टोल्युइडीन ब्लू ०.१ टक्का, १ टक्का मिठाच्या पाण्यात, पीएच २ ते २.५. मिठाच्या पाण्यातलं द्रावण त्याच दिवशी बनवा. २-३ मिनिटं पुरे. नंतरची अल्कोहोलची पायरी झटपट उरका. रेंगाळलात तर जांभळा रंग धुऊन जातो आणि 'औषधाने मास्ट पेशी कमी केल्या' असा खोटा निकाल हाती येतो. हे फार वेळा घडतं. सगळ्या गटांच्या स्लाइड एकाच रॅकमध्ये, एकाच बॅचमध्ये रंगवा. फॉर्मलिनमध्ये २४ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. श्लेष्मल प्रकारच्या मास्ट पेशींचा रंग त्यात दबतो. त्यांच्यासाठी कार्नॉय हे फिक्सेटिव्ह उत्तम.

मोजताना नुसती संख्या नको. अखंड आणि कण बाहेर सांडलेल्या अशा दोन रकाने करा, प्रति चौरस मिलिमीटर. ताणात मेंदूकडून येणारं सीआरएच (ताणाचं संप्रेरक) आणि मज्जातंतूंच्या टोकांतून सुटणारा सबस्टन्स पी मास्ट पेशींना फोडतात. त्यातून हिस्टामाइन, ट्रिप्टेज, मग अस्तराची गळती. फुटलेल्या पेशींचं प्रमाण हीच या साखळीची खूण आहे, एकूण संख्या बदललेली नसेल तरीही.

मोजणारी व्यक्ती औषध देणारी नको. कर्क्युमिन पिवळं आहे, विष्ठाही पिवळी होते, म्हणून पिंजऱ्याशी संबंध असलेल्या कोणालाही गट कळतोच. स्लाइडवर सांकेतिक क्रमांक तिसऱ्याने घालावेत.

सांगली_एमफार्म

खूप आभार, एवढं कोणत्याही पुस्तकात एकत्र मिळालं नसतं. बदललेली आखणी: शॅम व वाहक, शॅम व कर्क्युमिन, ताण व वाहक, ताण व कर्क्युमिन, ताण व एनएसी. पिपेरिनचा गट काढावा का? आणि औषध सत्राआधी द्यावं की नंतर?

शिरवळ_पशुवैद्य

पिपेरिन काढा. १९९८ च्या प्रसिद्ध कामात उंदरांना २ ग्रॅम प्रति किलो कर्क्युमिनबरोबर २० मिग्रॅ पिपेरिन दिल्यावर उपलब्धता १५४ टक्क्यांनी वाढली, हे खरं. पण पिपेरिन यकृतातली विघटनाची यंत्रणा रोखतं, त्यामुळे ते ठेवायचं तर फक्त पिपेरिनचा गटही हवा. दोन गट वाचवून तेच उंदीर उरलेल्या गटांत घाला.

औषध सत्रानंतर द्या, रोज ठरलेल्या वेळी. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रबंधाचा जीव इथे आहे. आधी दिलेलं औषध उंदराला शांत करत असेल तर ताणच कमी बसतो, आणि मूत्राशयातला एमडीए आपोआप कमी येतो. मग त्याला अँटिऑक्सिडंटचं संरक्षण म्हणता येत नाही. मेलाटोनिनच्या कामांबद्दलही हाच प्रश्न उरतो, कारण ते चिंता कमी करतं. ताण व कर्क्युमिन गटाच्या लेंड्या आणि कॉर्टिकोस्टेरॉन ताण व वाहक गटाइतकेच राहिले आणि तरीही मूत्राशय वाचलं, तर तुमच्या म्हणण्याला वजन येतं. दोन्ही कमी झाले तर तेही प्रामाणिकपणे लिहा. तोही निष्कर्षच आहे.

डोसचं गणित: १०० मिग्रॅ प्रति किलो, ५ मिली प्रति किलो आकारमान, म्हणजे २० मिग्रॅ प्रति मिली. २५० ग्रॅमच्या उंदराला १.२५ मिली. सीएमसी गरम पाण्यात ढवळत ढवळत भुरभुरवा, एकदम ओतलंत तर गुठळ्या होतात. कर्क्युमिन तळाशी बसतं, प्रत्येक सिरिंज भरण्याआधी बाटली हलवा. तटस्थ फॉस्फेट बफरमध्ये ते ३७ अंशावर अर्ध्या तासात ९० टक्क्यांपर्यंत नष्ट होतं, म्हणून बफरमध्ये बनवून ठेवू नका, उजेडापासून झाका.

संख्या: १.५ एवढा परिणाम-आकार धरला, ५ टक्के पातळी आणि ८० टक्के शक्ती, तर गटात ८ ते ९ लागतात. पहिल्या चार गटांचं विश्लेषण द्विमार्गी अ‍ॅनोव्हाने, आणि पाहायचा तो ताण व औषध यांचा परस्परपरिणाम. एनएसी गटाची तुलना ताण व वाहकाशी वेगळी करा. हिस्टोलॉजीचे ४-४ धरून फॉर्म बीमध्ये एकूण संख्या एकदाच मागा, गणितासकट. वजन २० टक्के घटलं तर प्राणी प्रयोगातून बाहेर, हेही त्यातच लिहा.

सातारा_मूत्ररोग

मूत्ररोगाच्या बाजूने थोडं. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात 'त्यामुळे हळद रुग्णांना उपयुक्त' असं वाक्य येण्याचा मोह होईल, म्हणून आधीच सांगतो.

उंदराचा १०० मिग्रॅ प्रति किलो हा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने माणसात सुमारे १६ मिग्रॅ प्रति किलो होतो, ६० किलोच्या व्यक्तीला जवळपास १ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन. दुधातल्या हळदीशी त्याचा संबंध नाही. मोठ्या प्रमाणात हळदीच्या गोळ्या घेतल्या तर मूत्रातलं ऑक्झलेट वाढतं, आणि मुतखड्याचे रुग्ण आपल्याकडे थोडे नाहीत. पिपेरिन घातलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अँटिऑक्सिडंट म्हणजे निरुपद्रवी, हा समज आमच्याच क्षेत्रात मोडला: व्हिटॅमिन ई ४०० युनिट रोज घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला, सिलेक्ट चाचणीचे २०११ मधले निष्कर्ष.

दुसरं, सायक्लोफॉस्फामाइड या कर्करोगावरच्या औषधाने केलेल्या मूत्राशयदाहाची कामं चर्चेत याच रांगेत बसवू नका. तिथे मूत्रातून येणारं अ‍ॅक्रोलिन अस्तराला थेट जाळतं. ताणात इजा मज्जातंतू आणि मास्ट पेशींच्या वाटेने, आतून येते. एकात चाललेलं औषध दुसऱ्यात चालेलच असं नाही.

आणि उंदराने किती वेळा लघवी केली हे मोजलं नाहीत तर रुग्णाच्या त्रासाशी जोडणारा धागाच राहत नाही. साधा उपाय: जाळीच्या पिंजऱ्याखाली फिल्टर पेपर, ठरलेला वेळ, मग अतिनील दिव्याखाली डाग मोजायचे. सत्रे सुरू होण्याआधी एकदा आणि शेवटच्या सत्राच्या दुसऱ्या दिवशी एकदा. पाण्याची बाटली त्या वेळेपुरती काढा, थेंब कागदावर पडले की डागांचा हिशेब चुकतो.